भुताचे मागणे काय?



२०२४ हे साल हिंदी भयपटांना चांगलेच मानवले. ७ जूनला ‘मुंज्या’ आला, १५ ऑगस्टला ‘स्त्री २’ आला आणि १३ सप्टेंबरला २०१८ चा ‘तुंबाड’ पुन्हा थिएटरांत लागला. ‘मुंज्या’चा नायक तसा नवखाच, तरी त्या चित्रपटाने १०० कोटींच्या वर गल्ला जमवला. ‘तुंबाड’ पहिल्या खेपेस तिकीटबारीवर बेताचाच चालला होता. दुसऱ्या खेपेस त्याने पहिल्यापेक्षा अधिक कमाई केली. ‘मुंज्या’ आणि ‘तुंबाड’ या दोन्हींची गोष्ट आपल्या कोकणातली. त्यामुळे इथे इस्राएलातही आपल्या मंडळींनी ते नातवंडांच्या मदतीने घरच्या पडद्यावर लावून पाहिले, आणि मग मोआदोनमध्ये चहाच्या टेबलावर वादाला तोंड फुटले.

हा वाद भयपट आवडणारे आणि न आवडणारे यांच्यातला नव्हे. ज्यांना भुताखेतांचे सिनेमे सोसत नाहीत त्यांनी ते पाहिलेच नाहीत. त्यांचा प्रश्न मिटला. भांडतात ती जुनी शौकीन मंडळी, ज्यांनी तरुणपणी भायखळ्याच्या थिएटरांत रांगा लावून असले सिनेमे पाहिले. एक म्हणतो, इतक्या वर्षांत असा सिनेमा झाला नाही. दुसरा म्हणतो, याला भयपट म्हणणे हीच थट्टा आहे. आणि चित्रपट जितका जास्त लोकांच्या तोंडी, तितके शौकिनांत तट जास्त. असे का व्हावे, याचा आज विचार करू.

या वादात एक वाक्य हमखास ऐकू येते : “भीती वाटली नाही.” तक्रार एकच वाटते, पण तिच्या पोटात तीन निरनिराळ्या तक्रारी आहेत. आपली मराठी या बाबतीत श्रीमंत आहे. दचकणे वेगळे, किळस येणे वेगळे आणि धास्ती बसणे वेगळे. अंधारात मांजर अंगावर उडी मारते तेव्हा माणूस दचकतो. मांजर दिसले की हसतो. कुजलेले काही दिसले की किळस येते. तोंड फिरवले की ती जाते. धास्ती मात्र सिनेमा संपल्यावर सुरू होते. रात्री पाणी प्यायला उठावे आणि स्वयंपाकघराचा दिवा लावायला हात पुढे होऊ नये, ही धास्ती. भयपटाच्या तिकिटावर यांपैकी कोणता माल मिळेल ते छापलेले नसते. दचकायला आलेल्याला धास्ती मिळाली तर तो म्हणतो, सिनेमा संथ आहे. धास्तीसाठी आलेल्याला नुसती दचक मिळाली तर तो म्हणतो, सिनेमा पोरकट आहे. दोघेही आपापल्या जागी खरेच बोलत असतात.

२०१८ सालीच अमेरिकेत ‘हेरेडिटरी’ नावाचा भयपट आला. समीक्षकांनी त्याची वाहवा केली. पण पहिल्या दिवशी थिएटराबाहेर प्रेक्षकांचे मत घेणाऱ्या संस्थेच्या चाचणीत त्याला ‘डी प्लस’ मिळाला. आमच्या शाळेत असा शेरा मिळालेल्या मुलाच्या वडिलांना बोलावणे धाडीत. एका बाजूस वाहवा आणि दुसऱ्या बाजूस हा शेरा, आणि सिनेमा एकच! फरक होता तो लोक काय घ्यायला आले होते यात.

लोकप्रिय चित्रपटाची अडचण आणखी एक आहे. शौकीन मंडळी मूठभर; त्यांच्या तिकिटांवर निर्मात्याचे घर चालत नाही. जो एरवी भयपटाला येत नाही, त्यालाही आणावे लागते, आणि भित्र्याला अंधारात न्यायचे तर त्याचा हात धरावा लागतो. मग गाणे येते, प्रेमप्रकरण येते, विनोद येतो, शेवटी सगळ्याचा उलगडा येतो. शौकिनाला हे सारे दुधात घातलेले पाणी वाटते. पण पाणी घातले नसते तर दूध दारोदार पोचले नसते, हेही खरे.

आपल्या पिढीने याचा जुना अवतार पाहिला आहे. ‘महल’ १९४९ चा. आपल्यापैकी बहुतेकांनी तो मागाहून पाहिला. ‘बीस साल बाद’ १९६२ चा, ‘वह कौन थी’ १९६४ चा. धुके, जुना वाडा, दूरवरून येणारे लताबाईंचे गाणे, आणि शेवटी कळायचे की भूत नव्हतेच, माणसाचाच खेळ होता. ‘महल’मधली छाया तर माळ्याची मुलगी निघते. तेव्हाही घरी परतताना दोन तट पडत. निम्मे म्हणत, बरे झाले, आता झोप लागेल. उरलेले म्हणत, तीन तास भिववले आणि शेवटी पैसे परत घेतले! मग रामसे बंधू आले. ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ १९७२ चा, ‘पुराना मंदिर’ १९८४ चा. तोवर आपल्यातले पुष्कळजण इथे येऊन स्थायिक झाले होते आणि हे सिनेमे व्हिडिओ कॅसेटवर पाहत होते. रामसेंनी उलगड्याची फसवणूक केली नाही, सैतान खराखुरा दाखवला. पण त्याचा चेहरा इतका वेळ आणि इतक्या उजेडात दाखवला की धास्ती जाऊन किळस तेवढी उरली. पुन्हा दोन तट.

आता ‘मुंज्या’कडे वळू. मुंज झाल्यावर आणि लग्नाआधी जो मुलगा मरतो त्याचा मुंजा होतो आणि तो पिंपळावर राहतो, ही समजूत कोकणात घरोघर होती. आपल्यात मुंज नाही. म्हणजे आपल्या समाजात मुंजा होणे शक्यच नाही. तरी अलिबाग-पेणकडे दिवेलागणीनंतर पिंपळाखालून जाताना आपलीही मुले शेमा म्हणत पावले उचलीत असत. शेजाऱ्यांची भुते आपण शेजारधर्म म्हणून स्वीकारली होती. आदित्य सरपोतदार यांच्या या चित्रपटात १९५२ साली कोकणातल्या एका गावात गोट्या नावाचा मुलगा आपल्याहून मोठ्या मुन्नीवर जीव जडवतो. तिचे लग्न दुसरीकडे ठरते. ती मिळावी म्हणून तो भलते मंत्रतंत्र करायला जातो आणि त्यातच मरतो. पुढे आजच्या काळात तो पुण्याच्या बिट्टूच्या मानगुटीवर बसतो आणि ‘माझे लग्न लावून द्या’ म्हणून हटून बसतो.

शौकिनांची या चित्रपटावरची मुख्य तक्रार विनोदाची. भूत संगणकावर बनवलेले, बडबडे, हट्टी पोरासारखे. त्याला भ्यायचे कसे? या तक्रारीला जुन्या शास्त्राचा आधारही आहे. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त हास्य आणि भयानक हे एकमेकांचे विरोधी रस सांगितले आहेत; एक आला की दुसरा पळतो. हाच न्याय लावला तर ‘स्त्री’, ‘स्त्री २’ आणि ‘मुंज्या’ तिन्ही नापास.

आम्हांला हा निकाल मान्य नाही. कोकणात भुताची गोष्ट कशी सांगितली जात असे ते ज्याने ऐकले आहे, त्याला ठाऊक आहे की सांगणारी म्हातारी मध्येच हसवीत असे. देवचाराने कोणाची चप्पल पळवली, चकव्याने कोणाला रात्रभर एकाच शेताभोवती फिरवले, यावर पोरे पोट धरून हसत. आणि हसून सैल झालेल्या पोरांवर ती शेवटचे वाक्य टाकी. विनोद भीतीला मारीत नसे, तिच्यासाठी दार उघडून ठेवीत असे. तेव्हा ‘मुंज्या’ हसवतो हा त्याचा दोष नव्हे.

दोष दुसरीकडे आहे. भुताच्या गोष्टीत ऐकणारा मनात एकच प्रश्न धरून बसतो : या भुताचे मागणे काय? ते का थांबले आहे, कोणाने त्याचे काय बुडवले, आणि ते फेडता येण्याजोगे आहे का? ‘मुंज्या’चा पहिला, १९५२ सालचा भाग या प्रश्नाला धरून आहे, म्हणूनच तो मनात राहतो. एक पोर, त्याची अवेळी वासना, आणि त्याने स्वतःवर ओढवून घेतलेले मरण. पुढे मात्र मागणे हे नुसते पळापळीचे निमित्त होऊन बसते. भूत मागते, नायक पळतो, मांत्रिक येतो, झाडाशी मारामारी होते. एक लहान मुलगा मेला आहे, ही गोष्ट हळूहळू सगळेच विसरतात. ज्याच्यासाठी कोणी हळहळत नाही त्या भुताची धास्ती बसत नाही, आणि “भीती वाटली नाही” ही तक्रार इथून उगवते. शौकीन तिचे खापर विनोदावर फोडतात, कारण विनोद समोर दिसतो.

‘तुंबाड’ची गोष्ट उलटी. राही अनिल बर्वे यांच्या या चित्रपटात दचकवण्याचे प्रकार फार थोडे. नारायण धारपांच्या कथेची त्याला प्रेरणा आहे आणि नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ची आठवण करून देते, मराठी वाचनावर वाढलेल्यांना ही दोन्ही नावे घरचीच. कथा १९१८ पासून १९४७ पर्यंत चालते. सतत पाऊस, पडका वाडा, साखळदंडाने बांधलेली म्हातारी, आणि जमिनीखाली दडलेला हस्तर. हस्तराजवळ सोने अमाप. पण धान्याला हात घालायला गेला तेव्हा इतर देव त्याच्यावर तुटून पडले, आणि तेव्हापासून तो भुकेला आहे. विनायक कणकेची बाहुली घेऊन खाली उतरतो, हस्तर तिच्यावर झडप घालतो, तेवढ्यात विनायक त्याच्या कमरेची सोन्याची नाणी खेचतो. या भुताचे मागणे पहा : पिठाचा गोळा! जगातले सगळे सोने कमरेला आणि पोटात अन्नाचा कण नाही. आणि वर उभा असलेला माणूस पोटभर जेवलेला, तरी त्याला सोने हवे. दोघांतला भुकेला कोण, हा प्रश्न पाहणाऱ्याबरोबर घरी येतो. विनायकाचा मुलगा पांडुरंग बापाकडून हीच विद्या शिकतो, आणि शेवटी बाप पुढे करतो ती नाणी घ्यायला नकार देतो. सिनेमातले सगळ्यांत मोठे धैर्य त्या पोराच्या नकारात आहे.

‘तुंबाड’वर आक्षेप घेणारे म्हणतात, ही लोभाची बोधकथा झाली, भयपट कुठे आहे? त्यांना आम्ही इतकेच विचारू, की बोध आणि भय यांची फारकत कोणी केली? आपल्या तनाखमध्ये, शमुवेलच्या पहिल्या पुस्तकाच्या २८ व्या अध्यायात, शाऊल राजा एन-दोरच्या बाईकडे जातो. मेलेल्यांना बोलावणाऱ्यांना त्यानेच देशातून हाकलले होते. आता तोच वेष पालटून रात्री अशा बाईच्या दारात उभा. वर येतो तो झगा पांघरलेला एक म्हातारा, शमुवेल नबी. तो किंचाळत नाही, अंगावर धावत नाही. मला का त्रास दिलास, एवढे विचारतो आणि उद्या काय होणार ते सांगतो. शाऊल जमिनीवर कोसळतो. यात दचक नाही, किळस नाही. धास्ती मात्र अशी की शतकानुशतके ती उणावलेली नाही, कारण त्या मेलेल्याचे म्हणणे खरे आहे. आणि अखेरीस ती बाई वासरू कापते, कणीक मळून भाकरी भाजते आणि त्या भेदरलेल्या राजाला जेवू घालते. आमच्या मते भयकथेचा याहून चांगला शेवट कोणाला सुचलेला नाही.

आता आपल्याला अधिक जवळचे एक उदाहरण घेऊ. २०२१ साली हिंदीत ‘डिबुक’ नावाचा चित्रपट आला; इम्रान हाश्मी नायक, कथानक मॉरिशसमध्ये. २०१७ च्या ‘एज्रा’ या मल्याळम चित्रपटाची ती हिंदी आवृत्ती. जुन्या वस्तूंच्या दुकानातून एक पेटी घरी येते आणि तीत कोंडलेला एका ज्यू माणसाचा आत्मा बाहेर पडतो. शेवटी कथानक एकदम उलटते, ते अनेक शौकिनांना आवडले. बाकीचे म्हणाले, नेहमीचेच : दारे आपटतात, बायको भूत पाहते, नवरा ऐकत नाही. या वादात आपल्या समाजाने तिसरी बाजू मांडली पाहिजे असे आम्हांस वाटते.

दिब्बुक हा शब्द हिब्रूतल्या चिकटण्याच्या धातूपासून आला आहे. नातवंडांच्या दप्तरातला ‘देवेक’ म्हणजे डिंक, तोच हा धातू. मराठीतही आपण ‘भूत लागले’ असेच म्हणतो. दोन्ही भाषांना एकच कल्पना सुचली. या विषयावरचे प्रसिद्ध नाटक अन्-स्की यांचे. लेखक खेडोपाडी फिरून ज्यू लोककथा गोळा करणारे होते. बियालिक यांनी ते हिब्रूत आणले आणि १९२२ साली मॉस्कोत हबीमाने ते रंगभूमीवर आणले. लेआच्या भूमिकेत हाना रोविना होत्या. १९३७ साली पोलंडमध्ये त्याचा यिद्दिश चित्रपट झाला. त्यात पेटी-बिटी काही नाही. दोन मित्र एकमेकांना शब्द देतात की आपली मुले झाली तर त्यांचे लग्न लावू. एक मित्र मरतो. दुसरा श्रीमंत होतो, शब्द विसरतो आणि मुलीसाठी पैसेवाला नवरा पाहतो. मेलेल्या मित्राचा मुलगा हानान त्या दुःखात मरतो आणि लग्नमंडपात लेआला लागतो. मग रब्बी काय करतात? आधी बेत-दीन बसवतात! मेलेल्या बापाला साक्षीला बोलावतात, त्याची फिर्याद ऐकतात आणि निकाल देतात : मुलीच्या बापाने अर्धी संपत्ती गरिबांना वाटावी आणि मेलेल्यांसाठी कादिश म्हणावा. भुताला हाकलतात ते त्यानंतर.

लग्नावाचून मेलेला मुलगा आणि वधूची मागणी! ‘मुंज्या’ आणि ‘दिब्बुक’ यांचे बीज एकच आहे. कोकणातला पिंपळ आणि पोलंडकडची खेडी यांना एकमेकांची वार्ता नव्हती, तरी दोन्हीकडे एकच भूत जन्मले. फरक एवढाच की एका गोष्टीत भुताची फिर्याद नोंदवली जाते आणि दुसरीत त्याला झाडासकट संपवले जाते.

पेटी कुठून आली तेही सांगतो. २००३ साली अमेरिकेतल्या एका विक्रेत्याने इंटरनेटच्या लिलावात एक जुने कपाट विकायला काढले आणि त्याबरोबर आत कोंडलेल्या दिब्बुकाची गोष्ट लिहिली. २०२१ साली त्यानेच कबूल केले की ती गोष्ट त्याने स्वतः रचली होती. आपल्या परंपरेत अशी पेटी नाही. हिंदी चित्रपटातल्या एज्रालाही प्रेमाची आणि अन्यायाची कहाणी दिली आहे हे मान्य. पण त्या अन्यायाची दाद लागत नाही, त्याचा फक्त सूड होतो, आणि ज्यू धर्म म्हणजे पेटीत आत्मे कोंडण्याची गुप्त विद्या असे चित्र पाहणाऱ्यापुढे राहते. भारतात आज आपली माणसे किती थोडी उरली आहेत! तिथल्या कितीतरी तरुणांना पडद्यावर भेटलेला पहिला ज्यू हाच असेल. ज्याला केवळ भिण्याशी मतलब आहे त्याला याचे सोयरसुतक नाही. आपल्याला असले पाहिजे.

आपल्यातले काही म्हणतात, इथे खरी भीती थोडी का आहे, की विकतची आणावी? अझाका झाली की गुडघे धरत ममादकडे धावणाऱ्या माणसाला भूत कशाला हवे? या म्हणण्याचा आम्ही आदर करतो. पण ममादच्या बाकावर बसून आजोबांकडे भुताची गोष्ट मागणारी मुलेही या देशात आहेत, आणि तो हट्ट आम्हांला कळतो. गोष्टीतल्या भीतीला आरंभ असतो आणि शेवट असतो. सांगणारा जवळ बसलेला असतो. बाहेरच्या भीतीत यांतले काहीच नसते.

तेव्हा आमचा कौल असा. भयपटांचे चाहते भांडतात ते आवड वेगळी म्हणून, आणि लोकप्रिय चित्रपटाला सर्वांना थोडेथोडे द्यावे लागते म्हणून. हे भांडण मिटणारे नाही आणि मिटायची गरजही नाही. पण चांगले-वाईट ठरवायचे तर दचकलात किती वेळा ते मोजू नका, हसलात किती वेळा तेही मोजू नका. मेलेल्याचे मागणे चित्रपटाने ऐकून घेतले की नाही, ते पहा. या मापाने ‘तुंबाड’ उत्तम, ‘मुंज्या’ अर्धा उत्तम, आणि ‘डिबुक’ नाव आपले असूनही परका.

नातवंडे ‘मुंज्या’ लावून बसली असतील तर त्यांना उठवू नका, शेजारी बसा. मध्यंतरात पिंपळाची गोष्ट सांगा, सिनेमा संपल्यावर लेआ आणि हानानची सांगा. हिब्रू कमी पडली तर मराठीत सांगा. भुताच्या गोष्टीतली मराठी मुलांना बरोबर कळते.